दोनशे एकोणनव्वद किलो

१

माझा धंदा वजनकाट्यांचा. काटे विकायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे आणि वर्षातून एकदा गिऱ्हाइकाकडे जाऊन तो खरं बोलतोय की नाही ते तपासायचं. काटा, गिऱ्हाईक नव्हे. गिऱ्हाइकाचं खरंखोटं तपासत बसलो असतो तर दुकान केव्हाच बंद झालं असतं.

शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण काट्यांनी दिलं. आमच्याकडे एक व्यायामशाळेचे मास्तर यायचे. वजन करताना बूट काढायचे आणि ते हातात धरून काट्यावर उभे राहायचे, कारण बूट नवे होते आणि खाली ठेवले तर कोणी उचलेल ही धास्ती. "मास्तर, बुटाचं वजन धरलं जातंय," मी सांगायचो. "पायात नाहीत ना? मग झालं," म्हणायचे. माणूस स्वतःची समजूत कशी काढतो हे मी तिथे शिकलो. काटा कोणाची समजूत काढत नाही. म्हणून मला काटे आवडतात.

तर या वर्षी मी ठरवलं, की घरच्यांबरोबर सुट्टीला जायचं. तेहेतीस वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. दरवर्षी त्यांना गाडीत बसवून द्यायचो, खिडकीशी उभा राहून सांगायचो, "तुम्ही व्हा पुढे, मी दोन दिवसांत येतो." आणि दोन दिवसांत कुणाचा तरी काटा बिघडायचाच. बायकोने कधी तोंड वाकडं केलं नाही. मी स्वतःला फार नशीबवान समजायचो.

पण यंदा एकसष्ट पूर्ण झाली. म्हटलं, एकदा तरी हिच्या शेजारी बसून काहीतरी बघावं. दुकान नाही, फोन नाही, नुसतं शेजारी बसायचं.

रात्रीच्या जेवणाला मी घसा खाकरून जाहीर केलं, "या वर्षी सुट्टीला मी येणार आहे!"

टाळ्या वाजतील असं वाटलं होतं. मुलगा चमचा शोधत राहिला. सून फोनवर नदीची माहिती वाचत होती, ती वाचतच राहिली. दहा वर्षांची नात, जिला आम्ही भिंगरी म्हणतो कारण ती एका जागी टेकत नाही, टेबलाखालून पलीकडे निघाली.

"हं," बायको म्हणाली. "मग?"

"मग काय! येणार आहे म्हटलं."

"बाबा, तुम्ही नेहमीच येता की," सून म्हणाली. मानसुद्धा वर केली नाही.

टोमणा बरोबर बसला होता. मी मनात म्हटलं, खा, लायकीच आहे तुझी.

२

ठिकाण ठरलं समुद्रापलीकडचं, जिथे बारा महिने उकडतं आणि झाडं बारा महिने हिरवी असतात. बेत सुनेचा. तिथल्या नदीत रबरी होडीतून वाहत जायचं, ज्याला राफ्टिंग म्हणतात. मला पोहता येत नाही. बायकोला येत नाही. सून म्हणाली, "बाबा, ही नवशिक्यांचीच नदी आहे. पोहता आलं नाही तरी चालतं. हे बघा, लिहिलंय, आठ वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंत."

"म्हणजे माझी अजून एकोणीस वर्षं आहेत," मी म्हटलं.

"यांचं काही नाही गं," बायको पोळ्यांच्या डब्याचं झाकण लावत म्हणाली. "होडी हलली की डोळे मिटून घेतील आणि माझा दंड धरून बसतील. त्या तलावावर नव्हते का बसले? चार दिवस माझ्या दंडावर बोटं उमटली होती."

सगळे खळखळून हसले. मीही हसलो. हसता हसता माझ्या लक्षात आलं, की मी जन्मात कधी होडीत बसलेलो नाही.

आता आमच्या हिला माणसांची सरमिसळ करायची सवय आहे. माझ्या बहिणीचं लग्न आणि तिच्या बहिणीचं लग्न ती एकत्रच आठवते. तलावावर बहुधा तिचा भाऊ बरोबर असणार. तो भित्रा आहेच. मी विषय सोडून दिला.

झोपताना मात्र तो विषय आपणहून परत आला. म्हणजे बघा, सहलीवरून ही मंडळी परत आली की मी दरवेळी विचारायचो, "काय, कसं झालं?" आणि दरवेळी ही हसून म्हणायची, "विचारताय काय!" मी त्याचा अर्थ घेतला होता की फार छान झालं, विचारायलाच नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी कोणी नव्हतं, फक्त सून होती. जुने फोटो काढायला लावले. डोंगराचे, समुद्राचे, तलावाचे. सगळ्यांत ही, मुलगा, मागच्या दहा-बारा वर्षांत सून आणि कडेवरची भिंगरी. चेहरे हसरे. पण माझी नजर दुकानदाराची आहे, मांडणीकडे जाते. प्रत्येक फोटोत सगळी माणसं एका बाजूला थोडी सरकलेली होती. हिच्या डाव्या हाताला माणूसभर जागा मोकळी. आणि हिचा डावा हात कोपरात किंचित उचललेला.

"हे फोटो कोणी काढले गं?"

"कोणीतरी तिथलंच. आपण सगळेच आहोत ना फोटोत."

"सगळे?"

"हो की." तिने बोटाने मोजलं, जसं आपण मोजतो, सहज. एक, दोन, तीन, चार. पाचवं बोट तिने त्या मोकळ्या जागेवर टेकवलं आणि उचललं. "आम्ही कधी एकट्याने गेलोय, बाबा?"

कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली. मी त्या फोटोवर बोटाचा ठसा दिसतोय का ते बघत बसलो. डोळ्यांचा डॉक्टर गाठायला हवा, असं मी त्या दिवशी डायरीत लिहून ठेवलं. सुनेचे की माझे, ते लिहिलं नाही.

३

राफ्टिंगवाल्यांचा अर्ज आला. प्रत्येकाचं वय, उंची आणि वजन. खाली एक चौकट, सगळ्यांचं मिळून एकूण वजन. होडीचा तोल साधायला लागतं म्हणे.

"बेरीज करून टाका," मुलगा म्हणाला.

"बेरीज?" मी म्हटलं. "घरात काट्यांचं दुकान असताना बेरीज? उद्या न्हाव्याने घरी केस वाढवले तर चालेल का?"

रविवारी सकाळी सगळ्यांना दुकानात नेलं. शटर अर्धं वर केलं. आत तेलाचा आणि नव्या खोक्यांचा वास. दोन्ही भिंतींना काटे लावलेले, सगळे शून्यावर. भिंगरीला तेच फार आवडतं. ती प्रत्येकावर एक बोट दाबून आकडा पळवत चालली.

मधोमध माझा पोती तोलायचा मोठा काटा आहे. जमिनीलगत लोखंडी पाट, त्यावर गाय उभी राहील एवढा. आकडा दाखवणारी पेटी लांब तारेने जोडलेली, ती माझ्या टेबलावर. वजन करणाऱ्याने पाटापासून लांब बसावं, नाहीतर नकळत पाय टेकतो, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण.

एकेकाला उभं केलं. बायको अठ्ठावन्न. "काटा बिघडलाय तुमचा," ती म्हणाली. मुलगा शहात्तर. सून पंचावन्न. भिंगरी एकोणतीस, तेही उड्या न मारता. मी एकाहत्तर.

"आता सगळे एकदम!"

चौघं पाटावर चढली. मी टेबलाशी बसलो. पेटीवर आकडे धावले आणि थांबले. दोनशे एकोणनव्वद.

मी लिहून घेतलं. पाच जणांची तोंडी बेरीज केली, तीही दोनशे एकोणनव्वद. मन खूश झालं. बघा, म्हटलं, ग्रॅमचाही फरक नाही!

मग पेन्सिल खाली ठेवली आणि समोर बघितलं. पाटावर चौघंच उभी होती. पाचवा मी, टेबलाशी, पाच पावलं लांब.

"उतरा," मी म्हटलं. पेटी शून्यावर. माझ्याकडे वजनमापे खात्याचा शिक्का असलेली वजनं असतात, वीस-वीस किलोची. दहा उचलून पाटावर ठेवली. बरोबर दोनशे. पाठीत कळ आली, पण काटा चोख. वजनं परत खाली उतरवली.

"चढा परत."

दोनशे एकोणनव्वद.

"बाबा, उशीर होतोय," मुलगा म्हणाला.

"आजोबा, ढकलू नका ना!" भिंगरी ओरडली. ती पाटाच्या कडेला एका पायावर तोल सावरत होती.

"कोण ढकलतंय तुला?"

तिने वळून बघितलं. टेबलाशी बसलेला मी दिसलो. तिने एकदा मागे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे, आणि मोठ्याने हसली. "कसं केलंत?"

"अहो, या ना तुम्हीपण," बायको म्हणाली.

मी उठलो. पाटावर चढलो आणि हिच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. तिने सहज माझ्या हातात हात अडकवला. मी मान लांब करून टेबलावरच्या पेटीकडे पाहिलं.

आकडा हललाही नव्हता.

४

पुढचे दोन दिवस मी विचार केला. रिकामटेकडा माणूस घाबरतो, धंदेवाला विचार करतो. तार खराब? वजनं बरोबर दाखवली. पेटीने आधीचा आकडा धरून ठेवला? मग मधे शून्य कसं आलं? मला एक जुनी गोष्ट आठवत होती. दोन भागीदार होते, एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. दोघांनी माझ्याकडून दोन वेगळे काटे घेतले. महिन्याने दोघं भांडत आले, की काटे जुळत नाहीत. मी गेलो आणि पाहिलं तर दोन्ही काटे खरे. एक भागीदार माल तोलताना मांडीवर मांजर घेऊन काट्यावर बसायचा, मग स्वतःचं वजन वजा करायचा, आणि मांजर त्याच्या इतकं सवयीचं, की ते आहे हे तो विसरला होता.

तसंच काहीतरी असणार. आमच्या घराला कशाची तरी सवय झालेली असणार.

हा विचार मनात आला तेव्हा बरा वाटला होता. थोड्या वेळाने तो तितकासा बरा वाटेना.

राफ्टिंगच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. गोड आवाज, घाईत. कंपनी तिकडे गेलेल्या आपल्याच लोकांची, म्हणून बोलणं मराठीत.

"साहेब, पाच जण, दोनशे एकोणनव्वद. बरोबर?"

"काट्याप्रमाणे बरोबर," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"छान. मुलगा आणि सून पुढे, छोटी मधे, मागे तुम्ही आणि मॅडम. आणि मोबाईल काउंटरवर ठेवायचे. आमच्याकडे पुकारा करत नाहीत. जागा भरल्या की होडी सुटते."

"आतापर्यंत किती बुडाले?"

"साहेब! नवशिक्यांची नदी आहे. पाणी कमरेइतकं."

"कोणाच्या कमरेइतकं? मी बुटका आहे."

ती हसली. मीही हसलो. फोन ठेवला आणि शटर लावताना ठरवून टाकलं. तिथे गेल्यावर हिच्या डाव्या बाजूची जागा मी क्षणभरही सोडायची नाही. माझी जागा आहे ती. बायको माझी आहे. कोणाला सवय झाली असेल तर ती आता मोडेल.

त्या दिवशी दुकानातून निघताना सगळे काटे शून्यावर आहेत ना, ते मी दोनदा बघितलं.

५

आणि खरं सांगतो, सहल फार झकास झाली. विमानात मी खिडकी सोडली आणि हिच्या डाव्या बाजूला बसलो. हॉटेलात नाश्त्याला आधी खुर्ची बघायचो, मग खाणं. समुद्रावर फिरताना ही उजवीकडे वळली की मी वळसा घालून पुन्हा डावीकडे.

"काय हो, सावलीसारखे?" ती म्हणाली.

"असं म्हणू नकोस," मी म्हटलं.

तीन दिवसांत आमचं जितकं बोलणं झालं तितकं तीस वर्षांत झालं नसेल. एकदाच ती मधे थांबली. बारकाईने माझ्याकडे बघितलं. "या वेळी तुम्ही फार बोलताय. एरवी नुसतं ऐकता," ती म्हणाली.

"आवडत नाही का?"

"तसं नाही." तिने थोडा विचार केला. "सवय नाही."

चौथ्या दिवशी नदी. सकाळी नऊची वेळ, लख्ख ऊन. नदी म्हणजे हिरवं, खेळकर पाणी, मधूनमधून दगडांवरून खिदळत जाणारं. काठावर लाकडी ऑफिस, त्यात पंखा घरघरतोय, खुंट्यांवर केशरी जॅकेटं आणि निळी हेल्मेटं. होडी चालवणारा नावाडी तरुण, दणकट, दात पांढरेशुभ्र. त्याने जमिनीवरच आम्हाला ओळीने बसवून वल्हवायला शिकवलं.

"काका, वल्हं असं नाही धरायचं. हे झाडू नाही."

"घरी कोण देतंय यांच्या हातात झाडू!" ही म्हणाली, आणि नावाड्यासकट सगळे हसले.

"पाण्यात पडलात तर काय करायचं?" नावाड्याने विचारलं.

"ओरडायचं!" भिंगरी म्हणाली.

"पाय पुढे करून उताणं तरंगायचं आणि हसायचं. पुढच्या वळणावर मी उचलतो."

सगळ्यांनी जॅकेटं चढवली. माझं मोठ्या मापाचं, ते बाकावर होतं. मोबाईल द्यायला मी काउंटरकडे गेलो. तीच गोड आवाजाची बाई. तिने पिशवी पुढे केली आणि मी मोबाईल त्यात टाकणार, तोच तो वाजला.

धान्याच्या गोदामाचा मालक होता. माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. त्याचा गाड्या तोलायचा काटा सकाळपासून काहीच्या बाही दाखवत होता, दारात ट्रकांची रांग, ड्रायव्हर शिव्या देतायत. दोन मिनिटांचं काम. कुठलं झाकण उघडायचं आणि कुठली तार पुसायची, एवढं सांगायचं.

दारातून ही मागे वळून बघत होती. "अहो, येताय ना?"

मी फोनवर हात ठेवला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

वाक्य पूर्ण झाल्यावर ते मला ऐकू आलं.

६

तार पुसली गेली, काटा शून्यावर आला, मालकाने आशीर्वाद दिले. घड्याळात बघितलं. चार मिनिटं.

आवाज नीट यावा म्हणून मी ऑफिसच्या मागे गेलो होतो. पुढे आलो तर बाक रिकामा. माझं जॅकेट नाही. काठावर रबराने वाळूत ओढल्याची ओली खूण, आणि होडी नाही.

"सुटली की," काउंटरवरची बाई म्हणाली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू जरा अडखळलं. "पाचही जागा भरल्या होत्या, साहेब."

"माझ्या जागेवर दुसरं कोणी बसवलंत का? एखादा एकटा पाहुणा?"

"सकाळपासून तुमचाच ग्रुप आहे." तिने वहीत बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "तुम्ही... मी तुम्हाला चढताना बघितलं ना."

मी धावलो. या वयात आणि या पोटाने माणसाने धावू नये, पण काठाकाठाने बांबूंमधून पायवाट होती आणि खालून भिंगरीच्या किंकाळ्या येत होत्या, आनंदाच्या. धावता धावता मी हिशेबी माणसासारखा विचार करत होतो. नावाड्याचा मित्र असेल. पाचवी जागा रिकामी ठेवली तर तोल जातो म्हणून कोणाला तरी घेतलं असेल. साधी गोष्ट आहे. व्यवहारात असं होतं.

वळणावर बांबू संपले आणि नदी खाली उघडी पडली. पाणी तिथे संथ होतं. होडी माझ्या बरोबर खालून चालली होती, दहा-बारा माणसांच्या उंचीइतकी खाली.

मागच्या टोकाला उभा नावाडी. पुढे मुलगा आणि सून. मधे भिंगरी. मागे ही. आणि हिच्या डाव्या बाजूला मोठ्या मापाचं केशरी जॅकेट घातलेला एक माणूस, माझ्याकडे पाठ करून.

त्याचं वल्हं सगळ्यांच्या तालात पडत होतं. अगदी सराईत. होडीचा तोल सुरेख साधला होता, ना इकडे ना तिकडे. माझ्या धंद्यात इतकं बरोबर क्वचित बघायला मिळतं.

"अगं!" मी ओरडलो. "अगं ए!"

सगळ्यांनी वर पाहिलं. उन्हामुळे डोळ्यांवर हात धरले. मग काठावरच्या अनोळखी माणसाला प्रवासी जसे हात करतात तसे त्यांनी मला हात केले. भिंगरीने वल्हंच हलवलं. हिनेही हात केला, हसून, सभ्यपणे.

त्याने मात्र वर पाहिलं नाही. मान थोडी झुकवली आणि हिच्या कानाशी काहीतरी बोलला. आणि ही हसली, मान मागे टाकून. तसं हसताना मी तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघितलं होतं.

मग पाणी दगडांत शिरलं, होडी उसळली आणि सगळे एका सुरात ओरडले. त्या ओरडण्यात एक आवाज बाप्याचा होता, जाडा, थोडा घोगरा. आपला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की ओळखू येत नाही म्हणतात. मला ओळखू आला.

७

ऑफिसच्या जीपने मला उतरण्याच्या जागी सोडलं. सबंध रस्ताभर ड्रायव्हर हवामानाबद्दल बोलत होता आणि मी हो हो म्हणत होतो. काय बोलायचं ते ठरवत होतो. त्या माणसाला सगळ्यांसमोर विचारायचं, बाबा रे, तू कोण. बस्स. सरळ प्रश्न.

होडी वाळूवर पालथी होती. दोरीवर पाच केशरी जॅकेटं वाळत घातलेली, पाचही निथळत होती. एका टपरीसमोर बाकांवर आमची मंडळी गरम चहा पीत बसली होती, नखशिखांत भिजलेली आणि अशी खूश, जशी लॉटरी लागली आहे.

मी मोजलं. चौघं. नावाडी बाजूला होडी पुसत होता. आणखी कोणी नव्हतं. बाकावर चहाचे पाच पेले होते, पाचवा अर्धा प्यालेला.

"अहो, कुठे गेला होतात?" ही म्हणाली. "अगं बाई, कपडे बदललेतसुद्धा? बरं केलंत. सर्दी झाली असती."

मी कपडे बदलले नव्हते. सकाळचाच शर्ट होता. पण ते मी बोललो नाही, कारण भिंगरी माझ्या कमरेला येऊन चिकटली होती. तिच्या केसांतलं पाणी शर्टात झिरपत होतं.

"आजोबा, तुम्ही केवढ्याने ओरडलात! माझ्यापेक्षा मोठ्याने!"

"बाबा, डोळे मात्र मिटले नाहीत हं," सून म्हणाली. "मी बघत होते."

"आणि तो वेडा दिसला का काठावरचा?" मुलगा म्हणाला. "काय हातवारे करत होता!"

सगळे हसले. मी तोंड उघडलं. तो वेडा मी होतो, तेहेतीस वर्षं मीच काठावर होतो, तुमच्याबरोबर कोण होतं हे मला माहीत नाही, असं सगळं जिभेवर होतं. मग मी हिच्याकडे बघितलं. ओल्या केसांखाली तिचा चेहरा तरुण दिसत होता. त्या चेहऱ्याला मी काय सांगणार होतो? की तुझ्या आयुष्यातल्या सगळ्या सुट्ट्या, तो तलाव, तो समुद्र, आणि आत्ताचं हे, यातलं काहीच तू माझ्याबरोबर केलेलं नाहीस?

"मजा आली ना?" मी विचारलं.

"विचारताय काय!" ती म्हणाली. मग जरा जवळ झुकली, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. "मघाशी जे बोललात ना कानात, ते मी विसरणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोललात."

"काय बोललो?"

"आता चारचौघांत सांगू?" ती लाजली. अठ्ठावन्न किलोची, दोन पिढ्यांची मालकीण, ती लाजली. "पण दिलेला शब्द पाळायचा हं. आता माघार नाही."

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

मी तिच्या डाव्या बाजूला जाऊ लागलो. बाकावर तिथे जागा होती, पण फळी ओली होती, माणूसभर ओली, आणि त्या ओलीवरून मधूनच थेंब खाली टपकत होते, जसं काही अजून निथळतंच आहे. मी तिथे बसलो नाही. उजवीकडून गेलो, तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि तिचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. बर्फासारखा गार होता. मी तो घट्ट धरला. मनाशी म्हटलं, आता दुकान बंद झालं तरी चालेल, जगातले सगळे काटे बिघडले तरी चालतील, हा हात काही मी सोडत नाही.

ती माझ्याकडे बघून हसली. मग आपल्या डाव्या खांद्यावरून बाजूला बघून हसली, अगदी तसंच.

"पुरे आता," ती म्हणाली. "एक हात तरी सोडा की, केस पुसू द्या."